लाल लोखंड

लिलाताई शिरसाठांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर मे महिन्यात, आणि त्यांच्या अंगात निळा लोकरीचा स्वेटर होता. बाहेर जळगावचं ऊन. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी केळीच्या रोपांचे रिकामे ट्रे घेऊन शेडमधून आत आलो तो घामानं निथळत. कानाला रुमाल बांधलेली ही बाई बघून मला वाटलं, हिला हिवताप आला असावा.

"दार लावा आधी," त्या म्हणाल्या. "गार हवा बाहेर चालली."

ती आमच्या लॅबमधली वाढीची खोली. लोखंडी रॅकवर काचेच्या बाटल्यांच्या रांगा, प्रत्येक फळीच्या वर ट्यूबलाइट आणि दिवसरात्र चालू असलेला एसी. तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तर स्वर्ग वाटायचा, पण सकाळभर बाटल्या तपासत बसलं की हुडहुडी भरायची. म्हणून तो स्वेटर. नंतर मलाही बायकोनं एक विणून दिला.

टिश्यू कल्चर हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवाच होता. रावेरचे केळीबागायतदार वनाआप्पा यांनी जळगावच्या बाहेर, शिरसोलीच्या बाजूला ही लॅब काढली, ती ऐंशीचं दशक संपता संपता. केळीच्या कंदाचा नखाएवढा कोंब घ्यायचा, तो बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा. तिथं त्याला फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा नव्या बाटलीत ठेवायचे. असं करत करत एका कंदापासून शेतभर रोपं होतात, सगळी एकसारखी. शेवटी ती रोपं मातीत लावून त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावायची. हे शेवटचं काम माझ्याकडे होतं. मी रावेर तालुक्यातला, शेतीची पदविका घेतलेला. लॅबच्या मागच्या हिरव्या जाळीच्या शेडमध्ये माझं राज्य.

लिलाताईंचं राज्य मीडिया रूममध्ये. मीडिया म्हणजे रोपांचं ते जेलीसारखं खाद्य. तिथं वजनकाटे, मोजपात्रं, साखरेची पोती, जेली घट्ट करणाऱ्या अगारची पाकिटं आणि बाटल्या वाफेवर निर्जंतुक करणारा, प्रेशर कुकरचा थोरला भाऊ असावा असा ऑटोक्लेव्ह. आमच्या सगळ्या लॅबचं ते स्वयंपाकघरच. आणि स्वयंपाकघरात असते तशी तिथं कोणाला मधेच लुडबूड करायची परवानगी नव्हती. एकदा खुद्द वनाआप्पा पाहुण्यांना दाखवायला चपला घालून आत शिरले, तर ताईंनी त्यांना पाहुण्यांसकट बाहेर काढलं आणि चपला उतरवल्यावर चहा दिला. आप्पा ही गोष्ट पुढे स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

ताई जळगावातल्या मेहरूणच्या. वडील उखर्डू बैसाणे डाळ मिलमध्ये हमाल होते, आई त्याच मिलमध्ये डाळ निवडायची. ताई वस्तीतल्या पहिल्या बी.एस्सी. झालेल्या मुलींपैकी, विषय रसायनशास्त्र. निकालाच्या दिवशी वडिलांनी मिलमधून सुट्टी घेतली आणि दिवसभर नवा सदरा घालून ओट्यावर बसून राहिले, कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. शिकून झाल्यावर ताई एका तेलाच्या मिलच्या प्रयोगशाळेत लागल्या. शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या तेलातलं आम्ल तपासायचं काम. लग्न झालं, मुलगी झाली, आणि मिल बंद पडली. नवरा पितांबर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बोलायला कमी, पण बायकोच्या नोकरीसाठी पेपरातल्या जाहिराती कापून आणणारा. आमच्या लॅबची जाहिरातही त्यानंच आणली होती.

ताईंना आपलं काम चांगलं येतं हे पक्कं माहीत होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या. काट्यावर काही ठेवलं की वजन मोठ्यानं बोलायच्या आणि शेजारच्या मुलीकडून वदवून घ्यायच्या. "एकटीचे डोळे फसवतात," असं त्यांचं म्हणणं. हसायच्या मात्र खुल्या गळ्यानं. शेडमध्ये मला ऐकू यायचं.

रविवारी त्या वस्तीतल्या विहारात मुलांना गणित आणि विज्ञान शिकवत. त्यामुळे समजावून सांगायची हातोटी होती. एकदा मी त्यांना विचारलं, सगळ्या बाटल्या पारदर्शक, मग फ्रिजमधली ही एकच तपकिरी आणि वरून काळा कागद गुंडाळलेली का?

"त्यात लोखंड आहे," त्या म्हणाल्या. "रोपाला हिरवं राहायला लोखंड लागतं, चिमूटभर. पण लोखंड पाण्यात एकटं राहत नाही. गंज होतं आणि तळाला बसतं. तळाला बसलेलं रोपाच्या काय कामाचं? म्हणून त्याला धरून ठेवणारं एक औषध घालायचं, ईडीटीए नावाचं. ते लोखंडाचा हात धरून पाण्यात फिरवतं आणि रोपाच्या दारात नेऊन सोडतं. फक्त त्याला उजेड सोसत नाही. म्हणून काळा कागद."

केळीची लॅब चांगली चालली. मग पंच्याण्णव सालच्या सुरुवातीला वनाआप्पा पुण्याकडे जाऊन आले. तिकडे प्लास्टिकच्या छपराखाली गुलाब लावायची धूम उठली होती, फुलं विमानानं परदेशात जात होती. आप्पा आले ते गुलाबाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळूनच.

"केळी होते तर गुलाब का नाही होणार?" ते म्हणाले. "जो तो मला सांगून राह्यला, आप्पा हा नाद करू नका. मला करून पाह्यचाय."

गुलाबाची जबाबदारी डॉ. धनसिंग गिरासे यांच्यावर आली. ते धुळ्याकडचे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले, पुढे राहुरीला पीएच.डी. केलेले. वय तिशीच्या आसपास, आवाज हळू. चुकलं तर "हे माझं चुकलं" असं म्हणणारा माणूस, आणि हे मी साहेब लोकांत फार कमी पाहिलंय. त्यांनी काड्यांवरचे डोळे कापले, धुतले, बाटलीत ठेवले. महिनाभरात कोवळी पानं फुटली. इतकी नाजूक, इतकी हिरवी की आम्ही सगळे जेवणाच्या सुट्टीत ती बघायला जायचो.

मग ते कोंब पहिल्यांदा नव्या बाटल्यांत हलवले, आणि बिघडायला सुरुवात झाली.

पहिल्यांदा पाहिलं ते भिकुबाईंनी. त्या सोनगीरच्या बाजूच्या, लग्न होऊन जळगावला आलेल्या. हवा गाळून सोडणाऱ्या टेबलापाशी बसून कोंब कापायचं काम करायच्या. हात असा हलका की कोंबाला कळूही नये. त्यांनी एक बाटली उजेडात धरली आणि ताईंना हाक मारली.

"ताई, देखा बरं. बठ्ठा पाला पिव्वा पडी ग्या."

खरंच सगळा पाला पिवळा पडला होता. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. शेंड्याची नवी पानं तर पांढुरकी, कागदासारखी. ताईंनी ओळखलं, ही लोखंडाची उपासमार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण त्याच मीडियावर शेजारच्या रॅकवर केळी मजेत हिरवीगार उभी होती.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये उत्पादन बघणारे अभिमन देसले यांनी विषय काढला. माणूस वाईट नव्हता, पण आप्पांना उत्तर त्यांना द्यायचं होतं.

"लोखंड कमी पडलंय म्हणजे लोखंड कमी घातलंय," ते म्हणाले. "मीडिया कोण बनवतं?"

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंचा चेहरा तांबडा झाला. "मी बनवते," त्या म्हणाल्या. "आणि मी कमी घातलेलं नाही."

"मग पानं काय हौस म्हणून पिवळी झाली?"

डॉक्टर मधे बोलले, की आधी तपासू मग ठरवू. मीटिंग तिथंच संपली. पण बोल लागायचा तो लागलाच. ताई दिवसभर कोणाशी हसल्या नाहीत. शेडमध्ये मला आवाज आला नाही म्हणून मी आत डोकावलो, तर त्या काट्याचं पारडं पुसत बसल्या होत्या, पुसलेलंच पुन्हा.

घरी जाऊन त्यांनी पितांबरला सांगितलं. हे मला पुढे पितांबरनंच सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता. म्हणाला, "मग साहेबालाच बनवायला लाव. तू बाजूला उभी राहा. गाडी बंद पडली की आम्ही ड्रायव्हरशी भांडत बसत नाही. आधी बघतो, टाकीत डिझेल आहे का. असेल तर मग बघतो, इंजिनापर्यंत पोचतंय का."

दुसऱ्या दिवशी ताई डॉक्टरांकडे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "सर, पुढची बॅच तुम्ही करा. वजनापासून सगळं. मी हात लावणार नाही."

"मला तुमच्यावर संशय नाही, ताई."

"मला माहीत आहे. तरी करा. मलाही कळू दे."

डॉक्टरांनी बॅच केली. नव्या पाकिटातलं नवं औषध, नवं पाणी. ताई दाराशी हात बांधून उभ्या. त्या बाटल्यांमध्ये कोंब हलवले, आणि काही आठवड्यांनी ते तसेच पिवळे पडले. पुढच्या मीटिंगला डॉक्टर स्वतःहून उभे राहिले. "मीडिया बरोबर आहे. मी केलेल्या बॅचमध्येही तेच झालं. कारण दुसरं आहे आणि ते मला अजून कळलेलं नाही," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ताईंच्या छातीवरचा दगड उतरला, पण आता त्या गुलाबात पुरत्या गुंतल्या होत्या. सुटका झाली म्हणून सोडून देण्यातल्या त्या नव्हेतच.

"टाकीत आहे," त्या मला म्हणाल्या. "पोचत नाहीये."

मग दोघांनी मिळून एकेक करून पाहिलं. आधी लोखंड दुप्पट केलं. ही कल्पना ताईंची, आणि ती साफ फसली. बाटल्यांच्या तळाशी विटकरी गाळ बसला आणि कोंब आणखी मलूल झाले. ताईंनी तो गाळ सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, माझ्या डोक्यातला गंज." त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी त्या मोठ्यानं हसल्या.

पुढचा धागा सापडला तो एका गेलेल्या ट्यूबलाइटमुळे. खालच्या फळीवरची एक ट्यूब कधी तरी बंद पडली होती आणि वायरमन आला नव्हता. ताई आणि भिकुबाई बाटल्या मोजायला बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्या अंधाऱ्या कोपऱ्यातली रोपं इतरांपेक्षा कमी पिवळी आहेत. डॉक्टरांना बोलावलं. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"आपण बाटली फ्रिजमध्ये काळ्या कागदात ठेवतो," ते हळूच म्हणाले, "आणि मग तेच लोखंड ट्यूबलाइटखाली महिनाभर उघडं ठेवतो."

उजेडामुळे लोखंडाला धरून ठेवणारं औषध मोडत होतं. हात सुटला की लोखंड खाली बसत होतं. केळी दांडगी, तिला जेवढं मिळायचं तेवढं पुरायचं. गुलाबाचं तसं नव्हतं; पहिला महिना तो काडीतल्या साठ्यावर हिरवा राहिला होता.

पण उजेड तर रोपाला हवाच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही ट्यूबांना पिवळा जिलेटिन कागद गुंडाळला, गणपतीच्या आराशीला लावतात तो. सगळी खोली हळदीच्या कार्यक्रमासारखी दिसायला लागली. पानांचा रंग थोडा सुधारला, पण कोंब लांबुळके आणि लेचेपेचे झाले. मातीत लावले असते तर एका दिवसात माना टाकल्या असत्या. मी तसं सांगितलं. कागद उतरवला.

डॉक्टर राहुरीला गेले, विद्यापीठाच्या वाचनालयात दोन दिवस बसले आणि परत आले ते खूश होऊन. हॉलंडमधल्या लोकांनी गुलाबावरच हे काम केलं होतं. लोखंडाला धरून ठेवणारं औषधच बदललं की गुलाब हिरवा राहतो, असं त्यांच्या शोधनिबंधात होतं. हे दुसरं औषध लोखंडाला फार घट्ट धरतं, उजेडालाही सहज सोडत नाही. त्याचं नाव इतकं लांब होतं, की ते डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा फळा भरला. अडचण एकच. ते आपल्याकडच्या रसायनांच्या दुकानात मिळत नव्हतं. मुंबईला विचारलं, पुण्याला विचारलं. मागवून देऊ, पण केव्हा येईल ते सांगता येत नाही, असं उत्तर.

डॉक्टर ते नाव पुन्हा पुन्हा बघत होते. एकदम म्हणाले, "लाल भुकटी असते याची. मी पाहिलीय. मामांकडे."

त्यांचे मामा सुकदेवसिंग सोनगीरला राहायचे. किल्ल्याच्या पायथ्यापासून थोडं पुढे त्यांची कागदी लिंबाची बाग होती. जमीन चुनखडीची, त्यामुळे झाडं पिवळी पडायची. जावई नाशिककडे द्राक्ष पिकवायचा. तिकडच्या बागायतदारांनी परदेशातून मागवलेल्या औषधाचा एक डबा त्यानं सासऱ्याला आणून दिला होता.

आम्ही तिघं गेलो, डॉक्टर, ताई आणि मी. धुळ्यापर्यंत एक एस.टी., तिथून आग्रा रोडनं सोनगीरची दुसरी. मामा ओसरीवर बसले होते. भाच्याचं काम काय हे ऐकून घेतलं आणि त्यांना फार गंमत वाटली.

"बाटलीमा गुलाब?" ते म्हणाले. "आनि त्याले मना लिंबूस्नं औषध?"

"हो मामा. थोडंसं पुरेल."

"थोडंसं काब्र? डबाच ली जा. मना झाडस्ले लागे तितलं टाकी दिधं मी." झाडांना लागेल तेवढं घालून झालं होतं, म्हणून त्यांनी सगळा डबाच देऊ केला. मग ताईंकडे वळून म्हणाले, "पन जेवाशिवाय जावानं नही, ताई."

मामींनी ज्वारी-उडदाच्या पिठाच्या कळण्याच्या भाकरी, डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी केली होती. जेवण झाल्यावर मामांनी आम्हाला बागेत नेलं. ज्या झाडांना औषध घातलं होतं ती काळपट हिरवी, आणि बांधाकडची एक ओळ मुद्दाम तशीच ठेवलेली, पिवळी. दोन्ही ओळी शेजारी शेजारी. ताई पिवळ्या ओळीपाशी गेल्या, एक पान तोडलं, उन्हात धरलं. हिरव्या शिरा आणि मधे पिवळं.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच." आणि मग ते औषध कसं घातलं, किती पाण्यात, नीट विरघळतं का, असे इतके प्रश्न त्यांनी मामांना विचारले की मामा म्हणाले, बाई, तू माझी परीक्षाच घेतलीस. परत येताना डबा ताईंच्या मांडीवर होता. धुळ्याला गाडी बदलतानाही त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही.

शेतात घालायचं औषध लॅबच्या खाद्यात घालायचं म्हणजे सोपं नव्हतं. त्यात लोखंडाचं प्रमाण वेगळं. ताई आणि डॉक्टर दोघांनी स्वतंत्र हिशेब मांडला, दोघांची उत्तरं जुळली तेव्हाच वजन केलं. भुकटी पाण्यात विरघळवली, बारीक कागदातून गाळली. पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं. मीडिया ओतला तेव्हा बाटल्यांत गुलाबी जेली जमली. भिकुबाईंनी टेबलावर पहिली बाटली घेतली आणि झाकण काढण्याआधी थांबल्या.

"हाई काय शे, ताई? सरबत शे का?"

"गुलाबाला गुलाबाचं सरबत," ताई म्हणाल्या. "घाला."

त्या औषधाचं लांबलचक नाव कोणाच्याच तोंडी बसलं नाही. लॅबमध्ये त्याला लाल लोखंड म्हणायला लागले, आणि शेवटपर्यंत तेच नाव राहिलं.

निम्मे कोंब जुन्या मीडियावर ठेवले, निम्मे लाल लोखंडावर, एकाच फळीवर आलटून पालटून. मग वाट बघायची. ताई रोज बघायला जात नव्हत्या. म्हणायच्या, भाताचं झाकण सारखं काढलं तर भात शिजत नाही. मी मात्र काही ना काही निमित्त काढून जायचो. पहिले काही दिवस फरक कळला नाही. मग एका बाजूची नवी पानं फिकटायला लागली आणि दुसऱ्या बाजूची तशीच राहिली. मला वाटलं, माझ्या मनाचा खेळ. मी कोणाला बोललो नाही.

एका सकाळी भिकुबाई कोंब हलवायला बाटल्यांचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी तो मीडिया रूमच्या दाराशी धरला. आत जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरूनच म्हणाल्या, "ताई, हिरवं शे. बठ्ठं हिरवं शे."

ताई बाहेर आल्या. ट्रेमध्ये गुलाबी जेलीवर गडद हिरव्या पानांचे गुच्छ उभे होते. शेंड्याचं सगळ्यात कोवळं पानसुद्धा हिरवं. त्यांनी एक बाटली उचलली, फिरवली, परत ठेवली. दुसरी उचलली. डॉक्टर आले, देसले आले. ताईंनी स्वेटरच्या बाहीनं चष्मा पुसला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, पोचलं."

देसलेंनी त्या दिवशी चहा स्वतः आणला, कँटीनच्या माणसाला न सांगता. ताईंच्या पुढे कप ठेवून म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी घाईनं बोललो."

"बोललात खरे," ताई म्हणाल्या. "साखर बरोबर आहे का चहात? मीच बघते." आणि चहा प्यायल्या. तो विषय तिथंच संपला. पुढे देसलेंच्या मुलीला बारावीला रसायनशास्त्र ताईंनीच शिकवलं.

यानंतरची पाळी माझी होती. बाटलीतला गुलाब मुळं धरून पुढच्या वर्षी माझ्याकडे आला आणि माझ्या हातून पहिला लॉट जवळजवळ सगळा मेला. बाटलीतल्या दमट हवेतून एकदम जळगावच्या उन्हाळ्यात आल्यावर दुसरं काय होणार? मी तोंड पाडून ताईंना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी गाळ केला होता, आठवतंय ना? तुम्हीही एकदा करा." पुढचा लॉट आम्ही दिवाळीनंतर बाहेर काढला. प्लास्टिकचे छोटे मांडव घातले, आत दिवसातून अनेकदा बारीक फवारा, आणि मांडव रोज थोडा थोडा उघडत नेला. त्या थंडीत रोपं जगली. नुसती जगली असं नाही, फुटली. माझ्या शेडमध्ये एवढ्याशा कुंडीत पहिली कळी आली ती लालभडक होती. लॅबमधल्या सगळ्या बायका ती बघून गेल्या. भिकुबाईंनी तिला हात लावला नाही, फक्त वास घेतला आणि म्हणाल्या, वास काही नाही हो याला. खरंच नव्हता. परदेशी फुलाला नसतोच म्हणे.

वनाआप्पांनी गुलाबाची रोपं काही वर्षं विकली. धुळ्याकडच्या, नाशिककडच्या बागायतदारांनी नेली. पुढे त्या धंद्यातली धूम ओसरली, खुंटावर डोळा भरलेली साधी कलमं स्वस्त पडायला लागली, आणि आमचा गुलाबाचा रॅक हळूहळू जरबेरानं भरला. मला वाईट वाटलं. ताईंना तेवढं वाटलं नाही. "आपल्याला करून पाह्यचं होतं, आपण केलं," त्या म्हणाल्या, आप्पांच्याच सुरात. जरबेराही पिवळा पडतो का हे बघायला त्या कधीच्याच लागल्या होत्या. आता मीडियाचा सगळा विभाग त्यांच्याकडे होता. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली दुसऱ्या लॅबमध्ये लागल्या. तिथंही काट्यावरचं वजन मोठ्यानं बोलतात असं ऐकलं.

गुलाब अजून चालू होता तेव्हा, अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात धुळ्याच्या कॉलेजनं डॉक्टरांना व्याख्यानाला बोलावलं. त्यांनी सांगितलं, गुलाबावर बोलायचं असेल तर मी आणि लिलाताई दोघं येऊ. ताई आधी नाही म्हणाल्या, मग नवी साडी नेसून आल्या. ट्रे धरायला म्हणून मला बरोबर घेतलं. डॉक्टरांनी फळ्यावर आकृत्या काढल्या आणि ताईंनी टेबलावर प्रत्यक्ष मीडिया करून दाखवला. सुरुवातीला त्यांचा आवाज जरा अडखळत होता. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हा रंग लाल कशामुळे?" त्या क्षणी विहारातल्या लिलाताई जाग्या झाल्या. हात धरणारं औषध, उजेड, गंज, लिंबाची बाग, सगळं त्यांनी असं सांगितलं, की तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठेनात. डॉक्टर खिडकीशी उभे राहून ऐकत होते, जसं काही त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

परतीची बस वाटेतल्या मुकटी गावाच्या पुढे पंक्चर झाली. सगळे प्रवासी खाली उतरले. ऊन कलतं होतं, हवेत बरा गारवा होता. रस्त्याच्या कडेला शेतात एक बाई शेंगा भाजत होती, तिच्याकडून आम्ही कागदात शेंगा घेतल्या आणि पुलाच्या कठड्यावर बसलो. ड्रायव्हर आणि कंडक्टर चाक काढायला झटत होते. ताई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"जॅक तिरपा लागलाय," त्या म्हणाल्या. "पितांबर असता तर आतापर्यंत चाक बदलून झालं असतं."

"जाऊन सांगू का त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको. करू द्या." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे डॉक्टरांच्या हातावर ठेवले, आणि दुसरी स्वतःसाठी फोडली. "शेंगा संपेपर्यंत तरी घाई कशाला?"